बोटभर उरलेला ब्रश

आमच्या वर्कशॉपमध्ये एका वाडग्यावर सगळे थर चढायला सहा-सात महिने लागतात. किस्से मात्र एका शनिवारात तीन-तीन चढतात, आणि त्यातले अडीच माझ्यामुळे असतात. परवा लंडनजवळ हॅरोला राहणाऱ्या मैत्रिणीला फोनवर एक सांगायला बसले, तर तिचा स्वयंपाक झाला, जेवण झालं, भांडी झाली, तरी मी तिसऱ्यावरच! "लिहून काढ ना," ती म्हणाली. "म्हणजे मला फोन ठेवता येईल."

तर लिहितेय. आधी माणसं सांगते. इंग्लंडात साउथहॅम्प्टनला एका लाँड्रेटच्या, म्हणजे नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानाच्या, वरच्या मजल्यावर हारुको-सान यांचं वर्कशॉप आहे. वय एकाहत्तर, उंची माझ्या खांद्याइतकी, आवाज त्याहून लहान. त्या उरुशीचं काम करतात. म्हणजे एका जपानी झाडाचा चीक गाळून लाकडी वाडग्यांवर, ताटांवर त्याचे एकावर एक हात द्यायचे. शेवटी असा काळा रंग चढतो की त्यात आपला चेहरा दिसतो. (माझा, बहुतेक वेळा घाबरलेला.)

शिकायला आम्ही दोघंच. एक टेरी, चाळीस वर्षं बस चालवून रिटायर झालेला. दुसरी मी, अनुजा. आठवडाभर घरून इन्शुरन्स कंपनीचा डेटा तपासते, आणि टोस्टरमधून टोस्ट उडाला की मीपण उडते. डॉक्टर म्हणाल्या होत्या, "एखादा शांत छंद लावून घ्या."

घेतला!

*

शांत छंदाच्या चौथ्या दिवशी सकाळी माझे डोळेच उघडेनात. तोंड टम्म, हातांवर पुरळ. एक पापणी बोटाने वर धरून मी नागपूरला आईला व्हिडिओ कॉल लावला.

"अगं बाप्पा! बिब्बा उतलाय तुला!" आई ओरडली. "विलायतेत बिब्बा कुठून आणलास?"

आणि खरंच, हे झाड बिब्ब्याच्याच खानदानातलं निघालं. "खोबरेल लाव," आई म्हणाली. आमच्या घरी ताप, परीक्षा, ब्रेकअप, सगळ्यावर खोबरेलच असतं.

हॉस्पिटलमध्ये एका तरुण डॉक्टरने विचारलं, "नवीन काही वापरलंत का? क्रीम, परफ्यूम?"

"वाडगा," मी म्हटलं.

त्याने ते लिहूनही घेतलं.

शनिवारी तसंच तोंड घेऊन मी वर्कशॉपचा जिना चढले, 'जमणार नाही' हे सांगायला. हारुको-सान मला बघून उठून उभ्या राहिल्या आणि कमरेत वाकल्या.

"अभिनंदन! झाडाने तुला ओळखलं."

टेरी सहा महिने त्याच चिकात कोपरापर्यंत हात घालत होता, एक पुटकुळी नाही. त्याचा चेहरा पडला. "मला तर त्याने अजून हॅलोसुद्धा म्हटलेलं नाही!"

'जमणार नाही' सांगायचं राहूनच गेलं.

*

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

उरुशीचा ब्रश माणसाच्या केसांचा असतो. लांब, सरळ, कधी न रंगवलेल्या. आणि ते केस नुसते टोकाला नसतात. पेन्सिलीत शिसं असतं तसे लाकडी पट्टीच्या आत या टोकापासून त्या टोकापर्यंत असतात. पुढचे झिजले की लाकूड तासायचं, नवे केस बाहेर. हारुको-सान इंग्लंडला आल्या तेव्हा त्यांचा ब्रश वीतभर होता. मी शिकायला आले तेव्हा माझ्या करंगळीएवढा उरला होता.

नवा मिळत नाही. त्यांच्या ओळखीचे ब्रशवाले आजोबा जपानात आहेत, हात अजून चालतात, पण त्यांच्याकडे केसच नाहीत. म्हणजे डोक्यावर आहेत, कामाचे नाहीत. "हल्ली सगळ्या मुली केस रंगवतात," असं त्यांनी पत्रात कळवलं होतं. ते पत्र वाचून दाखवताना हारुको-सान माझ्या डोक्याकडे बघत होत्या. नोकरी लागल्यावर आत्मविश्वास यावा म्हणून मी केस तांबूस करून घेतलेत. आत्मविश्वास आला नाही, तांबूस राहिले.

"हा ब्रश संपला की दार बंद," त्या अगदी सहज म्हणाल्या. "मी बहिणीकडे जाईन. तिच्याकडे मांजर आहे."

त्या दिवशी संध्याकाळी ब्रश गायब! टेरीने तो बिस्किटांच्या डब्यात लपवला होता. वापरलाच नाही तर संपणार कसा, असा त्याचा साधा हिशोब. हारुको-सान यांनी दोन मिनिटांत शोधला, हुंगला, आणि म्हणाल्या, "टेरी-सान, आलं घातलेली बिस्किटं फार खाता तुम्ही."

*

वर्कशॉपच्या भिंतीवर नियमांची पाटी आहे. पहिला नियम: धूळ नको. दुसरा: घाई नको. तिसरा मी आल्यावर वाढवला गेला: उडी नको.

त्याचं असं की शनिवारी दुपारी बंदरातून क्रूझची जहाजं सुटतात आणि सुटताना भोंगा देतात. पहिल्या भोंग्याला माझा हात उडाला आणि ताटावर एक लांब रेघ. दुसऱ्याला दुसरी. तिसरी होऊ नये म्हणून मी दोन्ही हात वर करून बसले, तर चीक माझ्याच नाकावर!

हारुको-सान यांनी जहाजांचं टाइमटेबल आणून भिंतीला लावलं. वेळ सांभाळायचं काम टेरीकडे. (मी त्याला मनातल्या मनात टेरीकाका म्हणते.) चाळीस वर्षांची सवय! पुढच्या शनिवारी तो माझ्या मागे येऊन बसमधल्या आवाजात गरजला, "पुढचा भोंगा, दोन मिनिटांत!"

भोंग्याला मी उडाले नाही. टेरीला उडाले.

*

तेलाचा किस्सा लहान आहे, पण माझी आई त्यात आहे.

आईचा फोनवर हट्ट, की दर शुक्रवारी डोक्याला तेल लावायचं. एकदा लावलं. शनिवारी विचार करताना डोकं खाजवलं आणि मग चीक द्यायला ताट उचललं. सगळं ताट तीन दिवसांत वाळलं, माझे तीन बोटांचे ठसे वाळले नाहीत. आठवडा झाला, तीन झाले, ठसे ओलेच! तेलावर हा चीक वाळतच नाही.

हारुको-सान यांनी ते ताट पुसलं नाही. खिडकीत मांडून ठेवलं. कोणी आलं की टेरी सांगतो, "हात लावू नका. लव्हची आई अजून ओली आहे." (लव्ह म्हणजे मी. बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकीला तो लव्हच म्हणायचा.)

*

आता मालकांचा किस्सा. माणूस फार भला.

आधी हे सांगते: उरुशी कोरड्या हवेत वाळत नाही, दमट हवेत वाळते! (मीपण तीनदा विचारलं होतं.) त्यासाठी आमच्याकडे एक लाकडी कपाट आहे, आतून ओलं ठेवलेलं. जपानीत त्याला आंघोळीचाच शब्द आहे म्हणे, म्हणून मी त्याला न्हाणी म्हणते. खालच्या लाँड्रेटची वाफ फुकट मिळते म्हणूनच हारुको-सान यांनी ही जागा घेतली.

मालक आले, भिंतीला हात लावला आणि हादरले. "किती ही ओल! तुम्ही बोलला का नाहीत?" दुसऱ्या दिवशी ते स्वतः हवेतली ओल शोषणारं मशीन घेऊन हजर. अख्खा देश घरमालकांपुढे ओलीच्या तक्रारी घेऊन रडत असतो, आणि आमचा मालक स्वखर्चाने मशीन आणतो!

हारुको-सान यांना एवढ्या चांगुलपणाला नाही म्हणवेना. त्या तीनदा वाकल्या. मशीन चालू झालं, वाडगे वाळायचे थांबले.

मग टेरीने उपाय काढला. रोज सकाळी मशीनची भरलेली टाकी काढायची आणि तेच पाणी न्हाणीत ओतायचं. दोन आठवड्यांनी मालक बघायला आले. टाकी काठोकाठ.

"बघा!" ते खूश. "केवढं पाणी होतं तुमच्या हवेत!"

आणि दुसरं मशीन घेऊन आले.

*

आता शेवटचा. यंदाच्या उन्हाळ्यातला.

वर्कशॉपच्या लीजचा फॉर्म आला होता. पुढे चालू ठेवायचं का: 'हो' एक चौकट, 'नाही' एक चौकट. हारुको-सान यांनी पेनाने 'नाही'वर खूण करून फॉर्म चहाच्या किटलीखाली ठेवला होता. शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. ब्रश आता नखाएवढा राहिला होता. तिघं पातेल्यात चहा करून प्यायचो, आणि तिघांपैकी कोणीच किटली उचलायचं नाही.

या सगळ्याच्या दोन महिने आधी मला वेणी आठवली होती. माझीच. इकडे येण्याआधी, व्हिसाच्या टेन्शनमध्ये, मी पार्लरमध्ये जाऊन कमरेपर्यंतची वेणी कापून टाकली होती. आई पार्लरमधून ती उचलून घेऊन आली आणि उशीच्या अभ्र्यात घालून कपाटात ठेवली. गंगावनासाठी. लग्नात लागेल म्हणून.

ब्रशसाठी ती मागायला व्हिडिओ कॉल लावला, आणि मी मध्ये बसून आई आणि हारुको-सान, दोघींचं एकमेकींना सांगत होते.

"त्या बाईंना सांग," आई म्हणाली, "माझा जीव गेला तरी देणार नाही. लग्नासाठी ठेवलीय."

मी सांगितलं. हारुको-सान यांनी मान डोलावली आणि फार अदबीने विचारलं, "आई-सान, लग्न कधी आहे?"

आईने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पत्ता पाठव," ती म्हणाली.

वेणी नागपूरहून थेट ब्रशवाल्या आजोबांकडे गेली. आणि लीजच्या शुक्रवारच्या आदल्या शनिवारी परत आली. ब्रश नाही, वेणीच! सोबत पत्र.

हारुको-सान यांनी ते उभ्यानेच वाचलं. मी आणि टेरी त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. बंदरात भोंगा झाला. टेरी सांगायचंच विसरला होता. मी उडालेच नाही, आणि तेही त्या वेळी आमच्या दोघांच्या लक्षात आलं नाही.

"केस उत्तम," हारुको-सान म्हणाल्या. "लांबी उत्तम. सरळ. कधी रंगवलेले नाहीत. असे केस त्यांनी खूप वर्षांत पाहिले नव्हते म्हणतात."

"मग?" टेरी.

"तेल." त्यांनी पत्रावर बोट ठेवलं. "तीनदा धुतलं. जात नाही. आतपर्यंत आहे. टांगून ठेवा म्हणतात, आपोआप सुकू द्या. मग पाठवा."

"किती दिवस?" मी विचारलं.

"दहा वर्षं."

खाली लाँड्रेटमध्ये एक मशीन जोरात फिरायला लागलं. टेरी बोटांवर वयाची वर्षं मोजत होता. स्वतःची मोजली, मग हारुको-सान यांच्याकडे बघून पुन्हा मोजायला लागला. मी आईला मेसेज केला. लगेच उत्तर आलं: 'दहा वर्षं आहेत ना? मग मध्ये आठ दिवस लग्नाला द्या म्हणावं.'

मी वाचून दाखवलं. हारुको-सान गंभीरपणे म्हणाल्या, "आई-सानना सांग, चालेल."

मग त्या स्टुलावर चढल्या आणि वेणी खिडकीत खिळ्याला टांगली, माझ्या न वाळलेल्या ताटाच्या बरोबर वर. खाली उतरल्या. किटली उचलली. फॉर्म ओढून घेतला, हात पुसले, आणि तो नखाएवढा ब्रश काळ्या चिकात बुडवून 'नाही'च्या चौकटीवर एक सबंध, कडेला कड भिडलेला हात दिला. खालची खूण दिसेनाशी झाली. मग उरलेल्या चिकात, त्याच ब्रशने, 'हो'च्या चौकटीत एक बारीक खूण.

फॉर्म दोन्ही हातांनी उचलून त्यांनी न्हाणीत आडवा ठेवला आणि दार लावलं.

"शुक्रवारपर्यंत वाळेल," त्या म्हणाल्या. "हात लावू नका. बिब्बा आहे."

टेरी उठला, मालकांच्या दोन्ही मशीनच्या टाक्या काढल्या, आणि पाणी ओतायला गेला.