बाई, पहिले मधलं सांगा!

राइस मिलच्या मागे कोंडा पडतो ना, तसे आमच्याकडे किस्से पडतात. कोणी गोळा करत नाही, कोणी बघत नाही, आणि एक दिवस पाहावं तर हा एवढा ढीग! त्यात आमच्या मिलमधला कोणताही किस्सा उकरा, खालून गजभिये बाईच निघतात.

मी आमगाव रोडवरच्या ह्या मिलमध्ये डिस्पॅचला आहे. म्हणजे ट्रक भरणे आणि ड्रायव्हरांशी भांडणे. कोणाची तारीफ करणं माझ्या स्वभावात नाही. सख्ख्या सासऱ्याची केली नाही, तर बाकीच्यांची कायले करू! पण बाईंचं नाव निघालं की माझा आवाज आपोआप खाली येतो. आता काय करता!

पुण्याच्या एका कंपनीने आमची मिल घेतली, तेव्हापासूनची ही गोष्ट. कंपनीचा एक नियम होता. उन्हाळ्यात प्रत्येक मिलने एक नाव द्यायचं, सगळ्यात कमी काम करणाऱ्याचं, आणि त्या माणसाला घरी पाठवायचं. आमच्यात ते नाव कोणाचं, हे सांगायला ज्योतिषी नको होता. सुखदेव मडावी! चिचगडचा, पॅकिंगला पोती शिवायचा. हात हळू, तोंड फास्ट. आम्ही त्याला मालगाडी म्हणायचो. पोरगी गोंदियाला नर्सिंग शिकत होती आणि घरात कमावणारा हा एकटा. "यंदा आपला नंबर लागते गा," असं तो हसून सांगायचा. उन्हाळा जवळ येत गेला तसं ते हसणं कमी होत गेलं.

अशात केशोरीच्या गजभिये बाई मॅनेजर म्हणून आल्या.

*

पहिल्या दिवशी बाईंनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. आम्हाला वाटलं, आता भाषण! आधीच्या मॅनेजरने 'हम सब एक परिवार हैं' म्हणून डोकं खाल्लं होतं, आणि जाईपर्यंत परिवारातल्या एकाचंही नाव त्याला पाठ झालं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "ज्याले आपलं काम येते, त्यानं खाली बसा."

सगळेच बसले. सुखदेव तर सगळ्यांच्या आधी! उभ्या राहिल्या फक्त बाई.

"पाहा, एकटी मीच उभी आहो," त्या म्हणाल्या. "म्हणजे शिकवायचं तुम्ही मले. कोणापासून सुरू करू?"

आणि खरंच शिकल्या हो! हमालांबरोबर थप्पी लावली, बॉयलरजवळ उभ्या राहून घामाघूम झाल्या. मॅनेजरला घाम येतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

*

शिकता शिकता बाई सुखदेवकडे पोहोचल्या. "जय भीम, सुखदेवभाऊ." "जय सेवा, बाई." आणि गाडी सुटली! सुखदेव शिकवतो म्हणजे गावच्या अस्वलापासून सुरू करतो. बाई हूं हूं करत होत्या, पण नजर त्याच्या हातांवर.

मग त्यांनी फिटरला बोलावलं. "हे शिवायचं मशीन उचला आन् पोते येते त्या पट्ट्याच्या दुसऱ्या अंगाले लावा."

"काऊन जी?"

"ह्या माणसाचा उजवा हात डावा आहे!"

सुखदेव डावखोरा आहे हे अख्ख्या मिलला ठाऊक होतं. पण त्यासाठी मशीन हलवायचं, हे कोणाच्या टाळक्यात आलं नव्हतं. तो बिचारा रोज उलटा वाकून शिवायचा आणि आम्ही त्याला मालगाडी म्हणायचो. मशीन हललं आणि मालगाडीची एकदम एक्सप्रेस झाली, असं मी म्हणणार नाही. पॅसेंजर झाली. पण वर्ष संपत आलं होतं, आणि पुण्याला हिशोब अख्ख्या वर्षाचा जायचा.

*

पॅकिंगचे लिल्हारे आणि बिसेन एकमेकांशी बोलत नसत. मंडईतल्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या, दंडारीच्या खेळाला पुढे कोणी बसायचं, ह्यावरून बिनसलं होतं. दोघं शेजारी काम करायचे आणि निरोप तिसऱ्याकडून पाठवायचे! मी दोघांना झाप झाप झापलं. काही उपयोग नाही.

एक दिवस लाइन गेली, मशीन बंद. पोती हातानं शिवायची होती. बाईंनी दाभण दिलं लिल्हारेला, सुतळीचा गुंडा दिला बिसेनला, आणि केबिनमध्ये जाऊन बसल्या.

बराच वेळ लिल्हारे नुसतं दाभण धरून बसला. शेवटी वैतागून ओरडला, "सुतळी दे ना बे!"

केबिनमधून बाईंचा आवाज आला, "बोलले गा, बोलले! चहा सांगा!"

*

मग पुण्याचे साहेब ट्रेनिंग द्यायला आले. पोरगा तसा गुणी, शर्ट एकदम कडक. त्यांनी शिकवलं, माणसाची चूक सांगताना सँडविच करायचं. आधी तारीफ, मधे चूक, शेवटी परत तारीफ.

"समजलं," बाई म्हणाल्या. "खाली पोहे, वर पोहे, मधात तर्री!"

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी ते चालू केलं, आणि मिलमध्ये घबराट पसरली. बाईंनी कोणाला "छान काम केलं" म्हटलं की तो माणूस आपली चूक शोधायला लागायचा. बाई एकदा सुखदेवला म्हणाल्या, "सुखदेवभाऊ, आजचे टाके लय सुंदर..."

सुखदेवने हात जोडले. "बाई, पहिले मधलं सांगा जी!"

*

उन्हाळा आला. साहेबांनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर एकेकाची मुलाखत घेतली. सुखदेवच्या वेळी मी तिथेच होतो.

"टार्गेट पूर्ण केलं का?"

"करून राहिलो ना जी!"

"राहिलं? का राहिलं?"

"काऊन म्हणजे? रोजच करून राहिलो!"

"रोजच राहतं?" साहेबांचा चेहरा पडला. "आणि हे तुम्ही मॅनेजरना सांगितलंत?"

"बाईले माहीत आहे ना! त्यायच्या समोरच करून राहिलो!"

आता आमच्याकडे 'करून राहिलो' म्हणजे काम चालू आहे. पुण्याकडे 'राहिलं' म्हणजे झालंच नाही! लिल्हारे म्हणाला, भरून राहिलो. बिसेन म्हणाला, उचलून राहिलो. साहेबांना वाटलं, आमगावात अख्खी मिलच राहिली! तिसऱ्या दिवशी ते स्वतः गोंदियाच्या स्टेशनवर हजर.

*

बाईंनी त्यांना काहीच समजावलं नाही. पट्ट्याजवळ एक खुर्ची टाकली आणि म्हणाल्या, "बसा, पाहा."

साहेब दुपारपर्यंत बसले. पोती भरून राहिली, शिवून राहिली, ट्रक निघून राहिले. हळूहळू त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि ते एकटेच हसायला लागले. पण मग त्यांनी बॅगेतून कंपनीचा कागद काढला आणि हसणं थांबलं. नाव तर द्यायचंच होतं. सुखदेवच्या वर्षभराच्या कामापुढे आधीच लाल खूण होती.

सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. सुखदेव मागे उभा होता. गळ्यातला दुपट्टा काढून तो त्याच्या घड्या घालत होता. माझ्याच्याने त्याच्याकडे बघवेना.

बाई साहेबांजवळ गेल्या. "साहेब, एवढ्या उन्हात तुम्ही इतक्या दुरून आले, लय चांगलं केलं."

साहेब एकदम सावध झाले. सँडविच त्यांनीच शिकवलं होतं ना! "बाई," ते म्हणाले, "पहिले मधलं सांगा."

"मधलं हे आहे. मशीन उलट्या अंगाले आम्ही लावलं, आन् नाव त्याचं काऊन? नाव पाहिजेच असन, तर ज्यायनं मशीन लावलं त्यायचं लिहा. सगळी मिल लिहा. मले पहिले लिहा."

"आन् वरचे पोहे?" साहेबांनी हळूच विचारलं.

"जेवून जा. भात टाकला आहे."

साहेबांनी तो कागद घडी करून खिशात घातला. बाई तशाच समोर उभ्या.

"साहेब, नीट सांगा. नाव देऊन राहिले, का द्यायचं राहिलं?"

साहेबांनी मागे सुखदेवकडे पाहिलं.

"द्यायचं राहिलं, बाई."