वायर उपटणारा माणूस

कन्नड मुलखातल्या या शहरात, देवराज मोहल्ल्यातल्या शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत एक गृहस्थ शेतातल्या पंपांचे कंट्रोलर बनवतात, मोबाइलवरून चालू-बंद होणारे. घराणं जुनं, कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचं. घरात मराठी, पण प्रत्येक वाक्याची सुरुवात कन्नड "नोडी"ने, म्हणजे "बघा"ने.

मी पुण्याहून इथे आलेला सॉफ्टवेअरवाला. कंट्रोलरला कुठली ऑपरेटिंग सिस्टीम घ्यावी, हे विचारायला त्यांनी मला बोलावलं. मी लिनक्स सुचवलं. सगळं तयार मिळतं, पुढे काहीही वाढवता येतं, असं बराच वेळ सांगत राहिलो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मी आणलेला लिनक्सचा बोर्ड चालू असतानाच त्याची वायर उपटली. परत लावली, परत उपटली. सातव्या खेपेला बोर्ड उठलाच नाही.

"त्याला नीट बंद करावं लागतं," मी म्हणालो.

"नोडी सर, तलकाडच्या शेतात करंट विचारून जात नाही."

मग त्यांनी स्वतःचा बोर्ड जोडला. त्यावरच्या चिमुकल्या सिस्टीमला पंप आणि मोबाइल यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. ती दर वेळी चुटकीसरशी उठली. मी मोजायचं सोडलं तरी ते उपटतच होते.

"वडील रंग असाच बघायचे," ते म्हणाले. "धुऊन धुऊन."

परवा आमच्या ऑफिसात एकजण नवी सिस्टीम दाखवत होता. स्लाइड सुरेख होत्या. मी उठलो आणि प्लगजवळच्या खुर्चीत जाऊन बसलो.