पहिल्या तारेशिवाय

ज्या धूनमुळे लोक मला ओळखतात, ती माझी नाही. हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

आज रियाज करताना गिटारची पहिली, सगळ्यात बारीक तार तुटली आणि कुंभार पिंपळगावचं ते लग्न आठवलं. आमच्या ऑर्केस्ट्रातल्या दिगंबरची हीच तार तुटली होती. गावात नवी मिळेना. मंडपात वांग्याच्या भाजीचा वास, वरात दारात. त्यानं पाच तारांवरच एक नवी धून रचून वाजवली. वर चढायच्या जागी ती गुमान खाली उतरायची.

माझ्या पहिल्या कॅसेटवर मी तीच वाजवली, सहाही तारा असताना पहिलीला हात न लावता. वर नाव माझं. ते खाली उतरणं लोकांना माझी खासियत वाटलं.

दिगंबरनं कॅसेट माझ्यासमोरच ऐकली. हसून म्हणाला, "काय गड्या, तुझीबी तार तुटल्ती का?"

"न्हाई रे," मी म्हणालो. त्यानं चहा मागवला.

तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. आता वाटतं, तो मला बोलायला जागा देत होता. की ती नुसती थट्टा होती? मला अजून कळत नाही.

दिगंबर अंबडला असतो. त्या धूनवर त्याचं नाव लावायचं माझ्याकडून राहिलं आहे.