नितीनचा एक गोल

किस्से जमवावे लागत नाहीत, हरत राहिलं की आपोआप साठतात. हॉलंडमधल्या नायमेखनच्या आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमने दोन हजार पाच-सहाच्या सीझनमध्ये दुसरं काही कमावलंच नाही. जिंकणं सोडा हो, एक गोल होत नव्हता.

कॅप्टन नितीन, कोथरूडचा. मास्टर्स संपवून जूनमध्ये कायमचा परत जाणार होता. दर रविवारी घरी फोन लावला की बाबा विचारायचे, "आज तरी?" हा म्हणायचा, "पुढच्या वेळी नक्की." जायच्या आधी एक गोल, एवढंच त्याचं मागणं होतं.

*

आमचा गोलकीपर मिलिंद नागपूरला विकेटकीपर होता. पहिल्याच मॅचला त्याने डाइव्ह मारून असा बॉल पकडला की आम्ही बघतच राहिलो. मग सवयीने, आनंदाने, त्याने तो वर उडवला. बॉल मागे गोलमध्ये पडला.

*

टीमचा नियम होता. ज्याची चूक सगळ्यात मोठी, त्याने सगळ्यांच्या जर्सी घरी नेऊन धुवायच्या. अर्थात मिलिंदच. तिसऱ्या आठवड्यात त्याने पांढऱ्या जर्सींबरोबर आईने दिलेला लाल टॉवेल टाकला. अकराच्या अकरा गुलाबी!

आमचे कोच हेंक, साठीचे डच गृहस्थ, शांतपणे म्हणाले, "बरं झालं. आता तरी पास आपल्याच माणसाला जाईल." गेला नाही.

*

नऊ गोल खाल्ल्यावर एकदा आम्हाला पेनल्टी मिळाली. मारायला अर्थात नितीन. त्यांचा कीपर म्हणाला, "मी डावीकडे जाणार." नितीनला वाटलं, हा गंडवतोय. त्याने मुद्दाम तिकडेच मारला. कीपरने बॉल धरला आणि म्हणाला, "सांगितलं होतं की."

दोन वर्षं राहून याला कळू नये की ही माणसं खरं बोलतात? परतताना उलट्या वाऱ्यात सायकली मारल्या. मला खरंच रडू येत होतं.

*

मी खेळण्याच्या लायकीचा नव्हतो, म्हणून लाइन्समन. तिकडे प्रत्येक टीम आपला लाइन्समन आणते. समोरच्या टीमचा लाइन्समन, आमचा माणूस पुढे धावला की लगेच झेंडा वर करायचा. मी मात्र खरा ऑफसाइड दिसला तरच.

नितीन एकदा वैतागून म्हणाला, "तुला झेंडा दिलाय, कोर्टाची खुर्ची नाही."

*

शेवटची मॅच. सहा शून्यने मागे. त्यांचा लाइन्समन आलाच नव्हता, त्यामुळे दोन्हीकडचं मीच बघत होतो. शेवटच्या मिनिटाला मिलिंदने लांब किक मारली, नितीन एकटा सुटला, आणि बॉल जाळ्यात. हेंकनी टोपी भिरकावली. मिलिंद अख्खं मैदान ओलांडून धावत गेला आणि त्याने नितीनला उचललं.

मग रेफ्रीची शिट्टी वाजली. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. माझा झेंडा वर होता.

नितीन चालत माझ्यापर्यंत आला. "किती?"

"अर्धं पाऊल."

"नक्की?"

"नक्की."

त्याने तिथेच जर्सी काढली आणि माझ्या हातात दिली.

"उद्यापर्यंत धुऊन दे. परवा फ्लाइट आहे."