फाट्यावर लागलेला माझा नंबर

त्या आठवड्यात फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायचे, आणि फोन तर सारखाच वाजत होता.

बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी माझी मुलाखत झाली होती. जागा एकच. तिथल्या प्राध्यापकबाई म्हणाल्या होत्या, निकाल मी स्वतः फोन करून सांगेन. कोणत्या नंबरावरून, हे मी विचारलं नाही. मग झरीजवळच्या आमच्या गावी येऊन बसले, पण बसवेना. अंगणात जायचं, परत आत यायचं. माय म्हणाली, "एका जागी बस गं जरा. मला चक्कर यायली तुझ्याकडं बघून."

खरी अडचण बाबांनी केली. ते शेतातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. "मुलाखत चांगली झाली" एवढंच मी घरी सांगितलं होतं. त्यावर बाबांचं म्हणणं, "घ्यायचंच न्हाई तर तासभर बोलले कशाला? रिकामटेकडे हायेत का ते?" आणि परस्पर परभणीला जाऊन त्यांनी फ्लेक्स छापून आणला. जिंतूरची एसटी थांबते त्या फाट्यावर, दोन बांबूंवर बांधला. वर महामानवांचे फोटो, मधोमध पदवीच्या काळ्या झग्यातली मी, 'निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', माझी जन्मतारीख, आणि तळाला लाल ठळक आकड्यांत माझा मोबाईल नंबर. शुभेच्छा देणाऱ्यांची सोय!

खरं सांगते, राग यायच्या आधी छाती फुगली. त्या फाट्यावर आजवर पुढाऱ्यांचे वाढदिवस लागले. आमच्या गल्लीतली पोरगी पहिल्यांदाच लागली होती.

पण माझं काम काय, तर माणसाची माहिती झाकायची. दवाखान्यांतल्या नोंदींवरून यंत्राला आजार ओळखायला शिकवायचं, पण कोणाला काय झालंय हे बाहेर फुटू द्यायचं नाही. नोंदी आपल्या जागी राहतात. यंत्र दवाखान्या-दवाखान्यात फिरतं आणि शिकलेलं तेवढं घेऊन परत येतं. त्यातही मुद्दाम थोडी गडबड मिसळायची, म्हणजे गर्दी कळते, एकटा माणूस कळत नाही. अशी मी, आणि माझी जन्मतारीख एसटीची वाट बघणाऱ्यांना तोंडपाठ.

अनोळखी नंबर टाळताही येईना. त्यातलाच एक बाईंचा असला तर? पालमहून एक गुरुजी बोलले, "जय भीम मॅडम, नाव काढलंत." एकानं बारावीतल्या पोराला पुढं काय शिकवावं ते विचारलं. एक जण म्हणाला, "काम काई न्हाई. खरंच उचलता का, बघायलतो."

पाचव्या दिवशी दुपारी मामा आला होता. सगळे चहा पीत होते आणि फोन वाजला. आमच्याकडं फोन स्पीकरवरच घेतात. कानाला लावला की "काय लपवायलीस?" म्हणून विचारतात. सवयीनं मीही स्पीकर लावला. बाईच होत्या. सगळ्यांच्या बशा हातातच राहिल्या.

बाई इंग्रजीत बोलल्या, नीट, सावकाश. जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली होती. माझं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं. तो आला नाही तर मला कळवतील. मी आभार मानले, फोन ठेवला.

"काय म्हनल्या?" मामा.

इंग्रजी कुणालाच कळलं नव्हतं. बाबा तर हसायलाच लागले होते, बाईंचा आवाज गोड वाटला म्हणून. मी म्हणाले, "घेतलं न्हाई. वेटिंगला ठेवलंय."

बाबांचं हसू गेलं. माय बशा गोळा करायला लागली. मामाच बोलला, "वेटिंग ना? मग निघंल की. माझं पुण्याचं वेटिंगचं तिकीट गाडी परभणीत शिरल्यावर कन्फर्म निघालं होतं."

"अन् न्हाई निघालं तर?" बाबा.

"तर उभं राहून जाईल. तुझी पोरगी हाय."

बाबा उठले, हत्यारांची पिशवी घेतली. "चल. फ्लेक्स काढून टाकू."

फाट्यावर पोचलो. बाबा दोरी सोडायला लागले तेव्हा मी म्हणाले, "काढू नका. टेप द्या." मोटारीच्या वायरीला गुंडाळायची काळी टेप त्यांच्या पिशवीत कायम असते. आधी नंबर झाकला. मग जन्मतारीख. मग मी वर बोट दाखवलं, "'निवड झाल्याबद्दल' झाका."

बाबा बाजूच्या कठड्यावर चढले. टेप तोडता तोडता म्हणाले, "मंग अभिनंदन कशाचं राह्यलं गं?"

"पीएच.डी.चं. ती तर झालीय ना? तिचा फ्लेक्स कुठं लावला होता तुमी?"

त्यांनी 'निवड झाल्याबद्दल'वर टेप दाबून बसवली. "अन् तोंड? तेबी झाकू का?"

"तोंड राहू द्या."

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. फ्लेक्सचा फोटो कधीच गावोगावच्या ग्रुपांवर गेला होता, टेप लावून तो परत येणार नव्हता. पण 'तो आला नाही तर कळवू' हे बाईंचं बोलणंही खरंच होतं. मी नंबराकडं बघत उभी.

"उचल की!" बाबा वरून ओरडले. "वाजायलाय कवाचा!"

मी उचलला.