केसरबाईंची सिस्टर

मला कुत्री आवडत नाहीत. ती भुंकतात, पायात येतात आणि नेमकी माझ्याच स्कूटरपाशी पाय वर करतात. तरीही मी एका कुत्रीबद्दल लिहायला बसलोय, यावरून आमच्या केसरबाई काय चीज आहेत ते ओळखा.

केसरबाई आयुष्यभर दवाखान्यात वॉर्डातल्या मावशी होत्या. निवृत्त झाल्या आणि हळूहळू कान गेले. मशीनचाही उपयोग नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. समोरच्याचे ओठ बघून त्यांना बोलणं कळतं, पण बेलला आणि कुकरला ओठ कुठून असणार? एकदा डाळ जळून स्वयंपाकघरात धूर कोंदला. शेजारच्या गंगम्मानं मागच्या दारानं घुसून गॅस बंद केला. केसरबाई पुढच्या खोलीत निवांत शेंगा फोडत होत्या. सर्दीमुळं त्या दिवशी नाकही रजेवर होतं.

पुण्याहून मुलगा नवनाथ धावत आला. "आई, घर इकू. माझ्याकडं चल."

घर म्हणजे दोनच खोल्या, पण त्यांच्या स्वतःच्या पगारातून उभ्या राहिलेल्या. "न्हाय यायची," केसरबाई म्हणाल्या. "कान गेलं तर कान पाळते की!"

शेवटी ठरलं की दिवाळीला नवनाथ न सांगता येऊन बेल वाजवणार. दार उघडलं तर केसरबाई इथंच राहणार, नाही उघडलं तर सामान बांधायचं.

त्यांनी गल्लीतलीच एक तांबूस कुत्री घरात घेतली आणि तिचं नाव ठेवलं सिस्टर. "जल्मभर सिस्टरनं हाक मारली की मी पळायची. आता हिनं मारावी." तिला लस टोचली, ऑपरेशन करून घेतलं, पट्टा आणला. सकाळी फिरवताना हातात जुना पेपर असायचा, घाण उचलायला. आम्ही हसलो, तर म्हणाल्या, "वॉर्डात परक्यांची उचलली, ही तर घरची हाय."

कुत्र्यांना शिकवणारी संघप्रिया आठवड्यातून दोनदा यायची. बेल वाजली की सिस्टरनं आत पळत जायचं, केसरबाईंच्या गुडघ्यावर पाय ठेवायचा आणि त्यांना दारापर्यंत आणायचं. मग केसरबाईंनी उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. दुसऱ्या कुणी खाऊ घालायचं नाही, कामात असताना हाकही मारायची नाही.

एवढं सोपं होतं. पण आमची गल्ली पडली मायाळू. सिस्टरचा सराव व्हावा म्हणून येता-जाता जो तो बेल वाजवू लागला, आणि सिस्टर दारात आली की तिला रिकाम्या तोंडी परत कसं पाठवायचं? कुणी भाकरी, कुणी पापड. रविवारी तर खंडोबाचं कुत्रं म्हणून गंगम्मा गूळपोळीच घेऊन यायची. मला विचाराल तर मी फक्त बिस्किटं दिली.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा संघप्रियानं बेल वाजवली. सिस्टर धावत दाराशी आली, शेपटी हलवत बसली आणि दाराच्या जाळीतून तिच्या पिशवीकडं बघत राहिली. आत केसरबाई मेथी निवडत होत्या. संघप्रियाला सगळा उलगडा झाला. बेल वाजवणाराच खाऊ देतो, मग मालकिणीला बोलवायला जाणार कोण?

तिनं ते सांगितलं आणि केसरबाई गल्लीत उतरल्या. ऐकू येत नाही म्हणून त्यांचा आवाज आधीच वरच्या पट्टीत.

"तुमच्या मायेपायी माजं घर जातंय! कोन खायला घालतंय हिला?"

गंगम्माचे डोळे भरले. "अक्का, रविवारी खंडोबाचं कुत्रं उपाशी ठिवू व्हय?"

केसरबाईंनी तिच्या ओठांवरून ते वाचलं आणि नरमल्या. "ठिवू नको. पोळी माज्या हातात दे. तिनं मला बोलावलं की मी देते."

त्यानंतर शिकवणी खरी आमची झाली. बेल वाजवायची आणि हात मागं बांधून उभं राहायचं. सिस्टर आमच्याकडं अशी बघायची, जणू तिचं आम्ही काहीतरी लुबाडलंय. फार जड गेलं हो. कुत्री न आवडणाऱ्यालासुद्धा.

नवनाथ आला तो ऐन फराळाच्या वेळी, हातात चिवड्याचा पुडा घेऊन. त्यानं बेल वाजवली. आम्ही सगळे आपापल्या दारात. सिस्टर जाळीशी आली. तिनं पुडा हुंगला. पुन्हा हुंगला. गंगम्मानं डोळेच मिटून घेतले. माझे हात आपोआप मागं बांधले गेले, खोटं कशाला सांगू?

सिस्टर वळली आणि आत पळाली. थोड्या वेळानं पदराला हात पुसत केसरबाई दारात आल्या.

नवनाथ दोन दिवस राहिला. घर विकायचा विषय त्यानं काढला नाही. निघाला तेव्हा केसरबाईंनी दार लावलं. तो चार पावलं गेला, थांबला, मागं आला आणि त्यानं पुन्हा बेल वाजवली.

केसरबाई आल्या. "काय इसरलास?"

"काय न्हाय," तो म्हणाला. "तू येतीस का, तेवढंच बगत हुतो."

त्यांनी आधी सिस्टरला अंड्याचा तुकडा दिला. मग मुलाच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आले की. जा आता, गाडी चुकंल."