वाळूतली वाम

बंगळुराजवळचं के. आर. पुरम तेव्हा खेडंच होतं. तिथल्या तळ्याकाठी रोज संध्याकाळी मालवणची एक म्हातारी चिखलात पाय रोवून बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मुलगा बंगळुरात कारखान्यात लागला म्हणून ती आलेली. एकदा तिचा दीर तिला मालवणला परत न्यायला आला.

“समुद्राशिवाय करमतं?” त्या संध्याकाळी मी तिला विचारलं.

ती हसली. “वाम म्हायत असा? सापासारखो मासो. शेपटीन वाळूत बीळ करता, तोंड तेवढा भायर ठेवता. लाटेन बीळ मोडला तर रडत बसणा नाय. वाळू मऊ लागली की थयसरच दुसरा करता.”

दिराला जेवू घालून तिने एकट्यालाच गाडीत बसवलं. दुसऱ्या संध्याकाळी ती आली, ती शेजारच्या कन्नड अक्काला घेऊन. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण हसणं काही थांबत नव्हतं.